उत्तर: केक

तळमजला गोड खात नाही, हे कंपनीत सगळ्यांना ठाऊक होतं. त्यामुळे त्या दिवशी पुसल्या जाणाऱ्या मेलांची यादी दर शुक्रवारप्रमाणे पडद्यावरून सरकत असताना, 'उत्तर: केक' या विषयापुढे पाठवणारा म्हणून त्याचं नाव आलं आणि तिचं बोट थबकलं. यादीत चारशे बारा मेल होते. चहाचे, शुभेच्छांचे, कुणाची छत्री राहिली त्याचे, कुणी गाडी आडवी लावली त्याचे. ही यादी ती कधी वाचत नसे. वाहत्या पाण्याकडे बघावं तशी बघे, खाली पोचली की 'मंजूर' दाबे, आणि चार वाजता यंत्र आपलं काम करे. आता तिनं बोट उचललं आणि मागे जाऊन ती ओळ पुन्हा पाहिली. संध्याकाळी सात दहा. केक तर नेहमी चारला कापतात. साडेचारला त्याचं नुसतं पुठ्ठ्याचं खोकं उरतं. साखरेचा आजार असलेला माणूस, केक संपल्यावर अडीच तासांनी, केकबद्दल काय बोलणार? आणि तेही बेचाळीस जणांना?

तळमजला हा कंपनीतला सगळ्यात जुना मेकॅनिक. कंपनी लिफ्ट बनवत नसे. दुसऱ्यांनी बसवलेल्या लिफ्ट सांभाळायचं कंत्राट घेई. त्याला केव्हाही फोन करा, तो म्हणणार, "तळमजल्यावर आहे." कुठल्या इमारतीच्या, ते आपण विचारायचं. नाव पडलं ते यावरूनच. वाढदिवसाला बोलावला तर येई, कागदी बशी हातात धरून कोपऱ्यात उभा राही, आणि जाताना ती भरली बशी हळूच कुणाच्या तरी टेबलावर ठेवून जाई. अलीकडे तर लिफ्टच्या कंपनीत असून पाच मजले जिन्यानं चढायला लागला होता. साखर उतरवतोय, असं लोक म्हणत. तोही नाही म्हणत नसे.

आणि ती म्हणजे नव्वदबाई. हे नाव तोंडावर कुणी घेत नसे, पण जिन्यात आवाज चढतो आणि तिचे कान चांगले होते. कंपनीच्या दप्तराची प्रमुख. कोणता मेल किती दिवस जपायचा आणि कधी पुसायचा, हा नियम तिनं लिहिला होता. त्याआधी एकोणीस वर्षं कंपनीनं एकही मेल पुसला नव्हता. एका गिऱ्हाइकानं हमीपत्र मागितलं तेव्हा सहा माणसं तीन आठवडे शोधत बसली आणि त्यांना एका हमीची चार पत्रं सापडली, चारही वेगवेगळं सांगणारी. वकिलांनी चारही टेबलावर मांडली आणि विचारलं, यातलं कंपनीचं मत कुठलं? तेव्हा साहेबांनी तिला बोलावलं. तिनं सगळ्या मेलांचे तीन वाटे केले: किरकोळ नव्वद दिवस, कामाचे तीन वर्षं, करार आणि तक्रारी दहा वर्षं. कुठला मेल कुठल्या वाट्यात, हे यंत्रानं विषयाच्या ओळीवरून ठरवायचं. केक म्हणजे किरकोळ. यात तिला आजवर कधी शंका आली नव्हती, आणि खरं सांगायचं तर आताही ती शंका नव्हती. पोटात काहीतरी बोटभर खाली सरकलं होतं, इतकंच. रोज सकाळी ऑफिसची लिफ्ट पाचव्या मजल्यावर थांबली की दार उघडायच्या आधी असंच बोटभर खाली बसायची, एखादं जड माणूस खुर्चीत टेकावं तशी. तिला ते आवडायचं. यंत्रसुद्धा हुश्श करतं, असं वाटायचं.

आठ दिवसांपूर्वी एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर थांबलेली लिफ्ट, दार उघडं असताना, खाली घसरली होती. आत पाऊल टाकत असलेल्या एका शिवणकाम करणाऱ्या बाईंचं खुब्याचं हाड मोडलं. त्या इमारतीची देखभाल तळमजल्याकडे. तो म्हणाला, मी कळवलं होतं, मेल टाकला होता. साहेबांनी तक्रारींच्या पेटीत शोधायला लावलं. पेटीत काही नव्हतं. पुन्हा शोधायला लावलं, आणि पेटीतच शोधा हे दोनदा सांगितलं. मग तळमजल्याला घरी बसवलं, कंपनीचा फोन काढून घेतला, त्याचं मेलचं खातं बंद केलं. आज पाच वाजता त्यानं येऊन एका कागदावर सही करायची होती. 'ब्रेकमधला दोष मी वरिष्ठांना कळवला नाही,' असा तो कागद होता. सही केली तर काढताना गोडीगुलाबीनं काढू, नाही केली तर नुसतंच काढू. तेवीस वर्षांच्या नोकरीचा निकाल एका टाचणीनं लावून तयार होता. आणि सकाळच्या टपालानं त्या शिवणकामवाल्या बाईंच्या वकिलाचं पत्रही आलं होतं. कंपनीला आधी माहीत होतं का, एवढाच त्यांचा प्रश्न होता.

तिनं स्वतःची मेलची पेटी उघडली. मागे मागे गेली. होता. 'उत्तर: केक', ठळक अक्षरांत, म्हणजे न उघडलेला. तो तिलाही आला होता आणि तिनं तो नव्वद दिवस तसाच ठेवला होता, कारण जगात वाचायच्या गोष्टी कमी नाहीत आणि कुणी केक छान होता म्हटल्यानं आपल्या आयुष्यात भर पडत नाही. उघडायला बोट पुढे गेलं आणि थांबलं. मेल उघडला की यंत्र त्यावर वाचल्याची तारीख घालतं. ही सोयही तिचीच. न उघडलेला मेल म्हणजे न कळलेली गोष्ट. चारला तो बेचाळीस पेट्यांमधून एकदम जाईल, आणि मग कुणालाच काही कळलेलं नसेल, नव्वदबाईंनाही नाही. यासाठी तिला काही करायचं नव्हतं. रोजच्यासारखं 'मंजूर' दाबायचं होतं. आयुष्यात इतक्या सोयीची वाईट गोष्ट तिच्यासमोर कधी आली नव्हती, आणि तिला पहिल्यांदा आलं ते हसू.

मग आठवला तो वर्ग. नियम लागू झाला तेव्हा तिनं सगळ्यांना गोळा करून समजावून सांगितलं होतं, मेकॅनिक लोकांना शेवटच्या रांगेत, कारण त्यांच्या बुटांना ग्रीस. विषयाची ओळ नीट लिहा, ती म्हणाली होती, मेलचं नशीब त्या ओळीत आहे. तळमजल्यानं हात वर केला होता. विषय लिहिताच येत नसेल तर काय करायचं, असं त्यानं विचारलं होतं. ती म्हणाली होती, "मग विषय सोडून द्यायचा." खोली हसली. चांगली जमून आलेली कोटी होती, तिला स्वतःलाही आवडली होती. तळमजलाही हसला आणि हात खाली घेतला. आज, इतक्या दिवसांनी, तिला तो खाली येणारा हात दिसला, नखांच्या कडांशी काळा. घाई नव्हती त्यात, राग नव्हता. माणूस एखादा जिना तपासतो आणि इथून वाट नाही म्हणून परततो, तसा तो हात परतला होता.

ती उठून खिडकीशी गेली. खाली रस्ता होता, दोन माणसं एक कपाट हातगाडीवर चढवत होती आणि तिसरा सल्ला देत होता. बाबा असते तर म्हणाले असते, त्या कपाटातले कागद आधी काढून घ्या. बाबांनी उभ्या जन्मात एक कागद टाकला नाही. विजेची बिलं, लग्नपत्रिका, बंद पडलेल्या इस्त्रीची हमी, नाटकाची तिकिटं, औषधाच्या खोक्यातली बारीक अक्षरांची घडी. "असू दे, लागेल कधीतरी." पलंगाखाली पत्र्याच्या अकरा पेट्या होत्या आणि पलंग विटांवर उचलावा लागला होता, लहानपणी ती झोपायची ती कागदांच्या वर, आणि कूस बदलली की पत्रा कण्हायचा. मग आईला ताप आला आणि दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, आधी कुठल्या इंजेक्शनचा त्रास झाला होता का? झाला होता. कान वाजायला लागले होते, तेव्हाच्या डॉक्टरांनी हे इंजेक्शन पुन्हा देऊ नका म्हणून लिहून दिलं होतं. नाव मात्र कुणालाच आठवेना. बाबा छाती पुढे काढून म्हणाले, "कागद आहे. मी ठेवलाय." आणि घरी येऊन पेट्या उपसायला बसले. ती शेजारी बसून ढीग लावत होती. चौदा वर्षांची होती. अकराव्या दिवशी कागद सापडला, इस्त्रीच्या हमीला चिकटलेला. तोवर इंजेक्शनं देऊन झाली होती आणि आईचा डावा कान गेला होता.

बाबांनी त्याविषयी नंतर कधी चकार शब्द काढला नाही, असं ती बरीच वर्षं धरून चालली. मग एकदा तिच्या लक्षात आलं, की बाबा आता आईच्या डाव्या बाजूला बसतात. संध्याकाळी, दिवा लावायच्या आधी, आई भाजी निवडत असे आणि बाबा तिच्या बहिऱ्या कानापाशी हलक्या आवाजात काहीतरी बोलत. रोज. आई मान हलवायची. ते गेल्यावर तिनं आईला विचारलं, काय म्हणायचे गं ते? आई म्हणाली, "देव जाणे. पण म्हणत होते ना, मग मी हो म्हणत होते." तेव्हापासून तिला कुणाच्याही उजव्या बाजूला बसायची सवय लागली, आणि दुसरी सवय लागली ती कागद टाकून द्यायची. घरात तिनं दोनच फायली ठेवल्या. आई म्हणायची, तुझ्या बापाच्यानं काही टाकवत नव्हतं, तुझ्यानं काही ठेववत नाही, मधल्यामधे मी एका कानाची. तरी तिची खात्री होती आणि ती ढळावी असं काही आजही घडलेलं नव्हतं: सगळं ठेवतो तो काहीच ठेवत नाही. फक्त, खिडकीच्या काचेला कपाळ टेकून उभी असताना, तिला एक लहानसं पोटकलम सुचलं. टाकणाऱ्यानं टाकायच्या आधी बघावं.

तशी सोय नियमात होतीच. अकरावं कलम: एखाद्या गोष्टीवरून तक्रार वा दावा येण्याची चिन्हं दिसताच, त्या गोष्टीशी संबंध असू शकणारा कुठलाही मेल, मुदत संपली असली तरी, पुसू नये. ते तिनं सगळ्यात शेवटी, संध्याकाळी, घरी जायच्या घाईत लिहिलं होतं आणि सगळ्यात चांगलं वाक्य तेच झालं होतं. नियमाचं पुस्तक काखेत मारून ती साहेबांकडे गेली.

साहेबांचं टेबल भिंतीला लावलेलं, समोरच्याला त्यांच्या डाव्याच बाजूला बसावं लागे. तिला ते कायम चुकीचं वाटे. साहेबांनी शांतपणे ऐकलं. साहेब वाईट गृहस्थ नव्हते. त्यांना फक्त गोष्टी आपोआप झालेल्या आवडत. त्यांनी विचारलं, मेल उघडला का? ती नाही म्हणाली. मग त्यात काय आहे ते तुम्हाला माहीत नाही, साहेब म्हणाले, कदाचित केकच असेल. ती म्हणाली, तो गोड खात नाही. साहेबांनी चष्मा काढला आणि काचा पुसल्या, बराच वेळ, आधी उजवी मग डावी.

"नियम तुमचाच ना," ते म्हणाले, "मग त्याला त्याचं काम करू द्या की. चार वाजता."

"नियमात अकरावं कलमही आहे."

"अकरावं? ते कुणी घातलं?"

"मी. खाली तुमची सही आहे."

त्यांनी सहीकडे पाहिलं, जुन्या ओळखीच्या माणसाकडे बघावं तसं. मग पुस्तक मिटून तिच्याकडे सरकवलं आणि ते अगदी मायेनं बोलले. बेचाळीस जणांना आलेला मेल. म्हणजे मलाही आलाय आणि तुम्हालाही. उद्या वकील विचारतील, कंपनीला माहीत होतं का, तर कंपनी म्हणजे कोण? पहिलं नाव दप्तरप्रमुखांचं निघेल. केकच्या ढिगात काय काय पडतं हे बघायचं काम कुणाचं होतं? "तुम्ही स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेताय. विचार करा. अजून वेळ आहे."

तिनं विचार केला. तो करायला पाच पावलं लागली, त्यांच्या दारापासून तिच्या खुर्चीपर्यंत. साहेब म्हणाले त्यात खोटं काही नव्हतं. वर्गात हसणारी तीच, विषयावरून वाटे पाडणारी तीच, ठळक अक्षरं नव्वद दिवस बघणारीही तीच. पायावर धोंडा पडणार होता हे खरं. पण धोंडा तिचा होता, पाय तिचा होता, आणि दोन्ही जागच्या जागी होते. अकरा पेट्या उपसायची गरज नव्हती. तिला एकदम हलकं वाटलं. आयुष्यभर तिला भीती होती ती वेळेवर न सापडण्याची. हे तर वेळेवर सापडलं होतं.

तिनं तळमजल्याच्या घरचा नंबर फिरवला.

"तळमजल्यावर आहे," तो म्हणाला, आणि मग स्वतःच थोडा ओशाळला. "म्हणजे, घरी आहे. बोला मॅडम."

तिनं फक्त विचारलं, तक्रारींच्या पेटीला नवा मेल का नाही लिहिलात?

"नवीन मेलला वर तीन रकाने असतात," तो म्हणाला. "कुठे काय घालायचं, चुकलं की परत येतो. उत्तराला एकच बटण. शेवटचा आलेला मेल उघडायचा आणि उत्तर द्यायचं. मी सगळं तसंच पाठवतो, गेली सहा वर्षं. आणि ते सगळ्यांना जातं, मॅडम. सगळ्यांना गेलं की एक तरी वाचेलच ना."

पाच वाजता या, सहीच्या आधी मला भेटा, एवढं सांगून तिनं फोन ठेवला. मग यादीवर गेली, त्या ओळीसमोर 'रोखा' दाबलं, कारणाच्या चौकटीत 'कलम अकरा' लिहिलं, आणि खाली तारीख, वेळ, स्वतःचं नाव. बाकीच्या चारशे अकरा मेलांना तिनं मात्र मंजुरी दिली. छत्र्या आणि आडव्या गाड्यांना काही क्षमा नव्हती. मग तिनं तो मेल उघडला. वर यंत्रानं लगेच आजची तारीख उमटवली, पावणेचार.

'सर्वांस नमस्कार. केकबद्दल आभार. कळवायचे की या वेळी आलेले ब्रेकचे लायनिंग लवकर झिजते आहे. लिफ्ट थांबल्यावर बोटभर खाली बसते ती यामुळे. आज बोटभर, उद्या हातभर. हेच लायनिंग सात लिफ्टला लावले आहे. यादी देतो. काम होईपर्यंत बंद ठेवाव्यात असे माझे मत आहे. मी सुपरवायझरना तोंडी बोललो, ते म्हणाले मेल टाका, म्हणून टाकत आहे.' खाली सात पत्ते होते, एकाखाली एक, नीटनेटके. दुसरा पत्ता त्या शिवणकामवाल्या बाईंच्या इमारतीचा. सातव्या पत्त्याच्या जागी त्यानं लिहिलं होतं: 'आणि आपली स्वतःची.'

तिच्या पायांखालची फरशी स्थिर होती, पण तळव्यांना रोजचं ते बोटभर बसणं जाणवलं. नव्वद दिवस, रोज दोनदा. यंत्र हुश्श करतं म्हणून ती हसत आली होती. जिन्यानं चढणाऱ्या तळमजल्याला ती वाटेत भेटायची तेव्हा तो म्हणायचा, चला की मॅडम, व्यायाम होतो. त्याला आणखी काय म्हणता आलं असतं? त्यानं मेल टाकला होता. बोलायचं ते बोलून तो बाजूला झाला होता आणि कंपनी मान हलवत भाजी निवडत बसली होती.

चार वाजले. तिनं उत्तराचं बटण दाबलं. तेच एक बटण, सगळ्यांना जाणारं. विषय बदलला नाही. त्याच्या मजकुरावर एकच ओळ लिहिली: 'मी हा मेल आज वाचला. तुम्हीही वाचा.' खाली नाव आणि हुद्दा. आणि पाठवला.

हॉलभर टिंग टिंग झालं. 'उत्तर: केक', शुक्रवारी, बरोबर चारला. खुर्च्या सरकल्या. एकेक जण अंग ताणत उठला आणि पाण्याच्या मशीनशेजारच्या, केक कापायच्या टेबलाकडे निघाला. आज कुणाचा, अशी विचारपूस झाली. टेलिफोनवरच्या बाईंनी सवयीनं कागदी बशा काढून ठेवल्या. साहेबही केबिनमधून बाहेर आले. केक त्यांनी कधी चुकवला नव्हता. टेबलावर काही नव्हतं. माणसं रिकाम्या टेबलाभोवती रिकाम्या बशा घेऊन उभी राहिली, आणि काही नसलं की माणूस जे करतो ते करू लागली. खिशातून फोन काढून बघू लागली. कुणीतरी बशी खाली ठेवली. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, घातला, आणि पुन्हा वाचलं. मग ते कुणाकडेही न बघता केबिनमध्ये गेले आणि दार लावलं. काचेतून ते फोनवर पत्ते वाचून दाखवताना दिसत होते, बोटांवर मोजत, सहापर्यंत. सातवा त्यांनी सांगितला की नाही, ते तिला दिसलं नाही.

पाचला ती उठली. नियमाच्या पुस्तकात 'विषयावरून' या शब्दावर तिनं पेन्सिलीनं काट मारली होती आणि समासात लिहिलं होतं, 'पाठवणारा कोण, तेही बघणे.' सोमवारी यावर भांडण होईल. वकिलांपुढे आपलं नाव आधी निघेल, तेही निघू दे. ती दाराबाहेर आली. लिफ्ट पाचव्या मजल्यावर उघडी उभी होती, आत दिवा, आत आरसा, कुणीही नाही. जिन्यात मात्र गर्दी होती. हिशेबनीस, टेलिफोनवरच्या बाई, वर्गात तिच्या कोटीवर सगळ्यात मोठ्यानं हसलेला विक्रीवाला. सगळे कठडा धरून, पायरी बघत, एकमेकांना वाट देत उतरत होते, आणि कुणी कुणाला का विचारत नव्हतं. मागून साहेब आले. लिफ्टपाशी ते क्षणभर थांबले. मग त्यांनी पिशवी उजव्या हातातून डाव्या हातात घेतली आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला. ती त्यांच्या उजव्या बाजूला झाली.

खाली बाकावर तळमजला बसला होता, धुतलेला शर्ट, मांडीवर पिशवी. जिन्यातून एकामागून एक उतरणारी माणसं तो तोंडातल्या तोंडात मोजत असावा. साहेब त्याच्यासमोर आले, सहीचा कागद त्यांच्या पिशवीत असणार, पण पिशवीकडे हात गेला नाही. ते नुसते म्हणाले, "उद्या सकाळी ये. हत्यारं घेऊन ये." आणि पुढे गेले.

तळमजल्यानं त्यांच्या मागे बघितलं, मग लिफ्टच्या बंद दाराकडे, मग तिच्याकडे.

"वाचला वाटतं सगळ्यांनी," तो म्हणाला.